मध्ययुगीन चर्च कसं पाहावं: आधी छताचं वजन शोधा

युरोपात पहिल्यांदा गेलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या चर्चला थकतात. उंच छत, रंगीत काचा, मेणबत्त्या, संतांचे पुतळे, सगळं सारखंच वाटायला लागतं. माहितीपुस्तक उघडलं तर त्यात रोमनेस्क, गॉथिक, रेयोनां, फ्लँबॉयंट अशी नावांची रांग आणि सनावळ्या. नावं पाठ करून चर्च समजत नाही, असं माझं ठाम मत आहे. आत शिरल्यावर एकच प्रश्न धरून ठेवा: वरच्या दगडी छताचं वजन जमिनीपर्यंत कुठून पोचतंय? साधारण इ.स. १००० ते १५०० या काळात पश्चिम युरोपातल्या पाथरवटांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं काढली. खांबांची जाडी, खिडक्यांचा आकार, बाहेरचे टेकू, आतला उजेड हे सगळं त्या उत्तरांतून आलेलं आहे.

आपल्याला इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, म्हणजे या लेखातल्या जुन्या चर्चच्याच काळातलं. पण ते खांब आणि तुळया यांच्या रचनेचं आहे. वरचं छत आडवे थर थोडे थोडे पुढे काढत मिटवलेलं असतं आणि भार जवळजवळ सरळ खाली उतरतो. कमानीचं तसं नसतं. कमान खाली दाबते आणि त्याचबरोबर दोन्ही बाजूंना बाहेरही रेटते. भिंतीला टेकवलेली शिडी आठवा: जितकी पसरट लावाल तितका तिचा पाय घसरायला बघतो, आणि जितकी उभी लावाल तितका रेटा कमी. मध्ययुगीन चर्चची जवळजवळ सगळी गोष्ट या आडव्या रेट्याला आवरण्याची आहे.

पायरी पहिली: आत जाण्याआधी प्रदक्षिणा घाला

दारात पोचलात की लगेच आत शिरू नका. आधी पूर्ण फेरी मारा. बहुतेक मध्ययुगीन चर्चची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असतं. मोठ्या चर्चचा नकाशा बहुधा क्रुसाच्या आकाराचा: पूर्व-पश्चिम लांब दालन आणि त्याला उत्तर-दक्षिण आडवे हात. लांब दालनाला नेव्ह म्हणतात, आडव्या हातांना ट्रान्सेप्ट. हे दोन शब्द मात्र लक्षात ठेवा, कारण सगळे माहितीफलक त्यांच्यावरच चालतात. आणि कॅथेड्रल म्हणजे बिशपचं पीठ असलेलं चर्च. त्या शब्दाचा आकाराशी किंवा शैलीशी संबंध नाही. लहान कॅथेड्रलही असतात आणि प्रचंड मोठी साधी चर्चही.

फिरताना भिंतीकडे बघा. भिंत भरीव, खिडक्या लहान आणि खोल, वरच्या कमानी अर्धगोल, बाहेर चिकटवलेले उभे पट्टे चपटे असतील, तर बहुधा तुम्ही रोमनेस्क इमारतीपाशी आहात. इंग्लंडमध्ये याच शैलीला नॉर्मन म्हणतात. भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त दिसत असतील, आणि बाहेर खोल दगडी धिरे, म्हणजे भिंतीला आधार देणारे जाड टेकू, उभे राहून त्यांच्यातून वरच्या भिंतीकडे अर्ध्या कमानी झेपावत असतील, तर ते गॉथिक. या अर्ध्या कमानींना फ्लाइंग बट्रेस म्हणतात. छताचा आडवा रेटा भिंतीवरून उचलून दूरच्या धिऱ्यावर नेण्याचं काम त्या करतात. पॅरिसमध्ये नोत्र-दामच्या पूर्व टोकाला, सेन नदीच्या काठावर, त्या नीट बघायला मिळतात. बहुतेक पर्यटक पश्चिमेच्या दर्शनी भागाचा फोटो काढून निघून जातात. इमारत उभी कशी आहे ते मागच्या बाजूला कळतं.

एक सावधगिरी. बाहेर टेकू दिसला नाही म्हणजे टेकूच नाही असं समजू नका. इंग्लंडच्या डरहॅम कॅथेड्रलमध्ये नेव्हच्या छताला आधार देणाऱ्या पाव कमानी बाजूच्या दालनांच्या छपराखाली दडवलेल्या आहेत.

पायरी दुसरी: पश्चिम दारातून आत जा आणि मान वर करा

नेव्हच्या मध्यभागी उभे राहा. वेदी, चित्रं, थडगी नंतर बघू. फक्त छत बघा. मध्ययुगीन चर्चमध्ये तुम्हाला साधारण चार प्रकारची छतं भेटतील.

पहिलं लाकडी. सगळ्यात जुनी चर्च रोमन लोकांच्या बॅसिलिका नावाच्या सार्वजनिक सभागृहांच्या धर्तीवर बांधली गेली. रोममधलं पाचव्या शतकातलं सांता सबीना आणि राव्हेन्नाजवळचं, ५४९ मध्ये अभिषेक झालेलं सांत-अपोलिनारे इन क्लास्से बघा: दोन्हीकडे खांबांच्या रांगा, वर लाकडी छप्पर. लाकूड हलकं, म्हणून खांब सडपातळ चालतात. धोका आगीचा, आणि मेणबत्त्यांच्या इमारतीत तो कायमचाच.

दुसरं बोगद्यासारखं सलग दगडी लदावाचं, लदाव म्हणजे कमानीच्या आकाराचं दगडी छत. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या काँक आणि तुलूझ इथल्या तीर्थयात्रेच्या वाटेवरच्या चर्चमध्ये हे दिसतं. अर्धगोल कमान पुढे पुढे खेचत नेली की असा लदाव तयार होतो. अडचण अशी की तो भिंतीच्या पूर्ण लांबीवर बाहेर रेटतो. मग भिंत जाड हवी आणि तिला फार भोकं पाडता येत नाहीत. रोमनेस्क चर्चमधला काळोख इथून येतो.

तिसरं, दोन बोगदे एकमेकांना काटकोनात छेदल्यावर होणारं छत. छेदाच्या कडा छतावर फुलीसारख्या दिसतात. याचा मोठा फायदा म्हणजे वजन चार कोपऱ्यांत गोळा होतं आणि मधली भिंत थोडी मोकळी होते. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या श्पायर कॅथेड्रलचं भव्य नेव्ह अकराव्या शतकाच्या अखेरीस अशा छताने झाकलं गेलं.

चौथं फासळ्यांचं. छेदाच्या त्या कडांवर दगडाच्या स्वतंत्र कमानी बांधायच्या, त्यांच्यामधली जागा हलक्या दगडांनी भरायची. डरहॅमचं बांधकाम १०९३ मध्ये सुरू झालं आणि नेव्हचं छत ११३३ च्या सुमारास पूर्ण झालं. इतक्या मोठ्या प्रमाणावर फासळ्यांचा लदाव वापरणाऱ्या युरोपातल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी ती एक. खाली मात्र जाडजूड गोल खांब, त्यांवर नागमोडी आणि शंकरपाळी नक्षी कोरलेली, वर अर्धगोल कमानी. म्हणजे खाली रोमनेस्क आणि छतात पुढच्या युगाची चाहूल. एकच मध्ययुगीन चर्च बघायची मुभा असेल तर मी कुणालाही डरहॅमला पाठवीन.

फासळ्या सगळंच वजन पेलतात असं जुनी पुस्तकं सांगतात. ते पुरतं खरं नाही. युद्धातल्या माऱ्यानंतर काही चर्चमध्ये फासळ्या कोसळल्या तरी मधला लदाव जागच्या जागी राहिलेला दिसला. पण बांधताना फासळ्यांचा उपयोग मोठा होता. आधी त्या उभ्या केल्या की पुढचं काम त्यांच्या आधाराने करता येई, आणि कोपऱ्यातली अवघड शिवण नीट लपे.

पायरी तिसरी: कमान टोकदार आहे का बघा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका

"टोकदार कमान म्हणजे गॉथिक" हे सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यानेच सगळ्यांची फसगत होते. टोकदार कमान इस्लामी वास्तुकलेत गॉथिकच्या शेकडो वर्षं आधीपासून होती. विजापूरमुळे ती आपल्याही ओळखीची आहे. फ्रान्समध्ये बरगंडीतलं क्लूनीचं महाकाय मठ-चर्च १०८८ मध्ये सुरू झालं, त्यातही टोकदार कमानी होत्या, आणि तरी ते रोमनेस्क गणलं जातं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते बहुतेक पाडलं गेलं. आज दक्षिणेकडचा हात आणि थोडे अवशेष उरलेत. डरहॅमच्या नेव्हमध्येही छताच्या आडव्या कमानी टोकदार आहेत.

तिचा खरा उपयोग समजून घ्या. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीला बांधलेली असते: रुंदीच्या निम्मी. रुंद आणि अरुंद कमानी एका उंचीवर आणायच्या तर खटपट करावी लागते. टोकदार कमान मात्र हवी तितकी उंच ओढता येते. त्यामुळे छताचा प्रत्येक चौकोन चौरसच असला पाहिजे ही सक्ती गेली, आणि दोन खांबांमधलं अंतर कमी-जास्त करता येऊ लागलं. शिवाय ती उभट असल्यामुळे बाहेरचा रेटाही कमी.

गॉथिक म्हणायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: टोकदार कमान, फासळ्यांचं छत, आणि भिंतीचं काम बाहेरच्या धिऱ्यांकडे देऊन उजेडासाठी मोकळी केलेली जागा. हा मेळ पॅरिसजवळच्या सँ-दनी इथे जुळला. तिथला मठाधिपती सुजे याने जुन्या चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधून घेतला आणि ११ जून ११४४ रोजी त्याचा अभिषेक झाला. त्या भागात जाऊन उभे राहा. वेदीमागच्या छोट्या प्रार्थनाकोनाड्यांमध्ये भिंती जवळपास उरलेल्याच नाहीत, खिडक्या एकमेकींना लागून आहेत आणि मधले खांब बारीक आहेत. ही जागा पॅरिसच्या मेट्रोने गाठता येते, तरी नोत्र-दामच्या मानाने तिथे फारच कमी लोक जातात. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पायरी चौथी: भिंतीचे मजले मोजा

आता मान थोडी खाली करा आणि नेव्हची एक बाजू जमिनीपासून छतापर्यंत बघा. खाली कमानींची रांग, वर कधी सज्जा, त्यावर अरुंद बोळासारखा पट्टा, सगळ्यात वर खिडक्या. सुरुवातीच्या गॉथिकमध्ये, उदाहरणार्थ फ्रान्समधल्या लाँ कॅथेड्रलमध्ये, चार मजले दिसतात. ११९४ च्या आगीनंतर फ्रान्समधलंच शार्त्र कॅथेड्रल नव्याने बांधलं गेलं तेव्हा सज्जा गाळून तीनच मजले ठेवले आणि वरच्या खिडक्या प्रचंड वाढवल्या. उंची वाढवण्याची चढाओढही तेव्हा रंगात होती. नोत्र-दामचं छत सुमारे ३३ मीटर, शार्त्रचं सुमारे ३७, १२२० मध्ये सुरू झालेल्या आमियँ कॅथेड्रलचं ४२ च्या वर.

मग फ्रान्समधलंच बोवे कॅथेड्रल. तिथे वेदीकडच्या भागाचं छत जवळजवळ ४८ मीटरवर नेलं. १२७२ मध्ये काम झालं आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. पुन्हा बांधताना आधीच्या खांबांच्या मध्ये आणखी खांब घालावे लागले. ते आजही स्पष्ट ओळखू येतात. पुढे सोळाव्या शतकात त्याच चर्चवर सुमारे १५३ मीटर उंच मनोरा चढवला. तो १५६९ मध्ये पूर्ण झाला आणि १५७३ मध्ये पडला. नेव्ह कधी बांधलंच गेलं नाही. जिथे ते यायचं होतं तिथे दहाव्या शतकातल्या जुन्या, बुटक्या चर्चचा तुकडा अजून उभा आहे. एका बाजूला तो जाड भिंतींचा तुकडा आणि त्याला खेटून ४८ मीटरचं गॉथिक: नवशिक्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. जे बांधकाम टिकलं त्यात दगड किती ताणला आहे ते जाणवत नाही. बोवेत ते डोळ्यांसमोर असतं.

दगडाला लपवलेल्या लोखंडाचीही साथ होती. २०१९ च्या आगीनंतर नोत्र-दामचा अभ्यास झाला तेव्हा बाराव्या शतकातल्या बांधकामातही दगड एकमेकांना जखडणारे लोखंडी आकडे मोठ्या संख्येने आढळले.

पायरी पाचवी: खिडकीवरून काळ ओळखा

ही पायरी सगळ्यात कामाची, कारण लहान गावातल्या चर्चमध्ये ना उंच छत असतं ना फ्लाइंग बट्रेस. खिडकी मात्र असतेच. खिडकीच्या वरच्या भागातली दगडी जाळी बघा.

जाळीच नाही, नुसत्या उंच, अरुंद, टोकदार खिडक्या ओळीने आहेत: इंग्लंडमध्ये हे बहुधा तेराव्या शतकाचं पूर्वार्ध. १२२० मध्ये सुरू झालेलं सॉल्झबरी कॅथेड्रल याचा नमुना. सलग दगडात वर्तुळं आणि पाकळ्या कापून काढल्यासारख्या दिसल्या तर तेही याच काळाच्या आसपासचं. शार्त्रच्या वरच्या खिडक्या अशा आहेत. १२११ मध्ये सुरू झालेल्या ऱ्हँस कॅथेड्रलपासून बारीक दगडी पट्ट्यांची जाळी रुळली आणि खिडक्या एकदम हलक्या झाल्या. तिचा कळस पॅरिसच्या सँत-शापेलमध्ये. नववा लुई या राजाने बांधवून घेतलेल्या आणि १२४८ मध्ये अभिषेक झालेल्या त्या वरच्या मजल्यावर पंधरा उत्तुंग खिडक्या आहेत आणि भिंत शोधावी लागते.

पुढे जाळी ज्वाळांसारखी वळणं घेऊ लागली की ते फ्रान्समधलं पंधराव्या शतकाच्या आसपासचं काम. इंग्लंडमध्ये वळणांचा काळ आधी आला, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि नंतर तिथल्या कारागिरांनी उलटी वाट धरली: जाळीच्या उभ्या पट्ट्या सरळ वरच्या कमानीला जाऊन भिडतात. याला पर्पेंडिक्युलर म्हणतात आणि ही तऱ्हा खास इंग्रजी. याच काळात पंख्यासारखा उलगडणारा लदाव आला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलमधलं १५१२ ते १५१५ चं छत बघितल्यावर दगड इतका पातळ होऊ शकतो यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

काचांसाठी दुर्बीण न्या. पक्षी बघायची साधी दुर्बीण पुरते. शार्त्रमध्ये १७० हून जास्त खिडक्यांत बहुतांशी मध्ययुगीन काच टिकून आहे, पण चित्रं इतकी उंचावर आहेत की नुसत्या डोळ्यांनी फक्त रंग कळतो, गोष्ट कळत नाही. कथा सांगणारी खिडकी बहुधा खालून वर वाचायची असते. उत्तरेच्या खिडक्यांवर थेट ऊन येत नाही, त्या ढगाळ दिवशीही बऱ्या दिसतात, दक्षिणेच्या दुपारी, पश्चिमेच्या मोठ्या वर्तुळाकार खिडकीसाठी संध्याकाळ होईपर्यंत थांबा.

पायरी सहावी: शिवण शोधा

एवढं आलं की एक नवी अडचण येते: एकाच चर्चमध्ये सगळंच सापडतं. तो तुमचा गोंधळ नाही, इमारतच तशी आहे. पैसा संपला, आग लागली, खांब कोसळले, नवा बिशप आला, की काम नव्या पद्धतीने पुढे जाई. शार्त्रचे दोन मनोरे बघा. दक्षिणेचा साधा, बाराव्या शतकातला. उत्तरेचा वरचा भाग सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, नक्षीने भरलेला. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सच्या कॅथेड्रलमध्ये १३२३ साली नेव्हच्या दक्षिण बाजूचे खांब कोसळले. ती बाजू चौदाव्या शतकाच्या पद्धतीने बांधली गेली आणि समोर उत्तरेला बरेचसे जाड नॉर्मन खांब तसेच राहिले. दोन्हींच्या मध्ये उभं राहून डावीकडे-उजवीकडे बघा. जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलचं काम १२४८ मध्ये सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं, आणि १५७ मीटरचे मनोरे पूर्ण झाले १८८० मध्ये. तेव्हा दर्शनी भाग बघून कालनिर्णय करू नका.

प्रदेशाचा फरकही ध्यानात असू द्या. इंग्रज चर्च लांब आणि तुलनेने बुटकी. इटलीत भिंत, रंग आणि संगमरवराचे पट्टे यांचं प्रेम सुटलं नाही. बाल्टिकच्या काठी दगड कमी, म्हणून ल्यूबेकसारख्या गावांत विटांचं गॉथिक. पूर्वेकडचं बायझंटाइन घुमटांचं जग वेगळं आहे, त्याला ही सूत्रं लावू नका.

सराव: घराजवळ आणि लंडनमध्ये

मुंबईत मध्ययुगीन चर्च नाही, पण एकोणिसाव्या शतकात मुद्दाम पुन्हा उचललेलं गॉथिक भरपूर आहे आणि डोळा तयार करायला ते उत्तम. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं. त्याच्या टोकदार खिडक्या तेराव्या शतकातल्या इंग्रज पद्धतीच्या आहेत. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाची वर्तुळाकार खिडकी रस्त्यावरूनही दिसते. गोव्यात मात्र जपून. बॉम जेझुस १६०५ चं आहे, तिथे वरची सूत्रं चालणार नाहीत. पण जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचं दार बघा: सध्याची इमारत १६६१ ची, दार आधीच्या चर्चचं, मॅन्युएलाइन म्हणजे पोर्तुगालच्या अखेरच्या गॉथिकचं. शिवण शोधायचा सराव तिथेच होतो.

लंडनमध्ये कामानिमित्त असाल, किंवा मुलांकडे गेला असाल, तर एका दिवसात चारशे वर्षं क्रमाने बघता येतात. सकाळी टॉवर ऑफ लंडनच्या व्हाइट टॉवरमधलं सेंट जॉन्स चॅपल: अकराव्या शतकाच्या अखेरचं, गोल कमानी, बोगद्याचं छत, नक्षी जवळजवळ नाही. मग स्मिथफील्डचं सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट, ११२३ मध्ये स्थापन झालेलं. जाड खांबांचा काळोख इथे अनुभवा. तिथून टेंपल चर्च. त्याचा गोल भाग ११८५ चा: खाली टोकदार कमानी आणि त्यांच्या वर एकमेकींत गुंतलेल्या अर्धगोल कमानींचा पट्टा, म्हणजे संक्रमण एकाच नजरेत. त्याला जोडलेला लांब भाग १२४० चा, पूर्ण गॉथिक. त्याच्या उघडण्याच्या वेळा बदलत असतात, आधी बघून घ्या.

शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबी. १२४५ मध्ये तिसऱ्या हेन्रीने सुरू केलेलं, फ्रेंच धाटणीचं आणि म्हणून इंग्लंडच्या मानाने उंच. पूर्व टोकाला सातव्या हेन्रीचं चॅपल आहे, १५०३ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या पंख्यांच्या छताला दगडी लोलक लोंबतात. आत यायला तिकीट आहे आणि ते महाग आहे. संध्याकाळच्या इव्हनसाँग प्रार्थनेला पैसे लागत नाहीत, सगळ्यांना मुभा असते. पण तेव्हा फिरता येत नाही, फोटो काढता येत नाहीत आणि मध्येच उठू नये. छताकडे बघत बसायला मात्र पाऊण तास मिळतो. बाहेर पडताना पश्चिमेचे दोन मनोरे दिसतील. ते अठराव्या शतकातले आहेत, १७४५ मध्ये पूर्ण झालेले; त्यांना मध्ययुगात धरू नका.